वारणेच्या खोऱ्यात घरचं नेट: हिशेब एकट्याचा आणि सगळ्यांचा

सर्वसामान्य भारतीयांसाठी इंटरनेट खुलं झालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, १९९८ साली, पन्हाळा तालुक्यातल्या वारणानगरात संगणकाचं जाळं विणायला सुरुवात झाली. पुण्या-मुंबईतही तेव्हा बहुतेकांना नेट हवं असेल तर सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसावं लागे. अशा काळात वारणा नदीच्या दोन्ही तीरांवरची, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावं एकमेकांना जोडायचं ठरलं. ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ या नावाने हा प्रकल्प जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचला. त्यामागे पंतप्रधान कार्यालय, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र म्हणजे एनआयसी, राज्य सरकार आणि वारणा समूह असे चौघे होते. निम्मा खर्च केंद्राने, ४० टक्के राज्याने आणि १० टक्के वारणेच्या संस्थांनी उचलायचा, अशी वाटणी होती.

यासाठी वारणाच निवडली गेली, त्याला कारण होतं. तात्यासाहेब कोरे यांनी १९५०च्या दशकात इथे सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला. पुढे दूध संघ आला, वारणा बाजार आला, शाळा-कॉलेजं आली, १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय आलं. गावोगावच्या हजारो कुटुंबांचं सभासदत्व, उसाची नोंद, दुधाचा हिशेब, खताची उचल हे सगळं आधीपासून एका व्यवस्थेत बसलेलं होतं. तारा ओढण्यापूर्वीच माणसं जोडलेली होती, आणि तंत्रज्ञानाला असं तयार गाव क्वचितच मिळतं.

गावागावांत ५४ केंद्रं उघडली. ऊस उत्पादकाने तिथे जावं, आपली नोंद बघावी, तोडणीची पाळी कधी आहे ते विचारावं, वजन आणि बिल तपासावं, खताची मागणी नोंदवावी. पूर्वी याच कामासाठी कारखान्यावर किंवा गट ऑफिसात हेलपाटे पडत. ते वाचले ही मोठी गोष्ट होती. प्रकल्पाच्या कागदावर मात्र याहून बरंच काही होतं: बाजारभाव, शेतीचा सल्ला, शिक्षण, सरकारी दाखले. प्रत्यक्षात केंद्रांवरचे संगणक उसाच्या कामापलीकडे फारसे गेले नाहीत. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन केंद्रातले अभ्यासक वारणेत आले तेव्हा त्यांना हेच दिसलं. त्यांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. केंद्रावरच्या संगणकाऐवजी साधा मोबाइल द्यायचा, एसएमएस पाठवायचा, की कारखान्यावरून उत्तर यायचं. संगणकावर होणारी सगळी कामं एसएमएसवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ही पद्धत जास्त आवडली. ‘वारणा अनवायर्ड’ या नावाने २००७च्या सुमारास हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

या गोष्टीतून बहुतेक जण एवढंच घेतात की मोबाइल जिंकला. मला त्यात दुसरी बाब महत्त्वाची वाटते. १९९८ साली खर्च सरकारने आणि वारणेच्या संस्थांनी मिळून केला होता. आज प्रत्येक घर, किंबहुना प्रत्येक खिसा, आपापलं नेट सुटं विकत घेतो. आणि सुट्या खरेदीत सर्वांत जास्त भरडलं जातं ते सर्वांत कमी कमाईचं घर.

आधी एका घराचा हिशेब करू. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटाचे दर कोसळले, हे सर्वांना ठाऊक आहे. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर पुन्हा वाढवले. जिओचा दिवसाला दीड जीबीचा, २८ दिवसांचा पॅक २३९ रुपयांवरून २९९ वर गेला. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. एका फोनचे झाले ३,८८७ रुपये. घरात दोन फोन असतील तर ७,७७४ आणि तीन असतील तर ११,६६१.

आता तारेचं नेट घ्या. जिओने २०२० साली ३० एमबीपीएसचा ३९९ रुपयांचा प्लॅन आणला आणि बीएसएनएलने त्याच वेगाचा ४४९चा. जाहिरातीत हेच आकडे दिसतात. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ३९९चे जवळपास ४७१ आणि ४४९चे ५३० होतात. स्वस्तातला स्वस्त धरला तरी वर्षाला सुमारे ५,६५० रुपये. दर पुढे-मागे होत राहतात, हिशेबाची रीत तीच राहते.

तार आली म्हणून मोबाइल बंद होत नाही. फोन चालू ठेवायला काहीतरी भरावंच लागतं. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बंधन घातलं की डेटा नसलेला, फक्त बोलण्याचा आणि एसएमएसचा पॅकही द्यावा. त्यानंतर ८४ दिवसांना साधारण साडेचारशे रुपये असे पॅक आले. वर्षाला एका फोनचे १,९५०च्या आसपास. आता बेरीज करा. दोन फोनच्या घरात तार आणि बोलण्याचे पॅक मिळून साडेनऊ हजार होतात, म्हणजे नुसत्या मोबाइल डेटापेक्षा पावणेदोन हजार जास्त. तीन फोनच्या घरात दोन्ही खर्च जवळपास सारखे. चार फोन असतील तर तारेचं नेट वर्षाला दोन हजारांनी स्वस्त.

म्हणून ‘वायफाय घ्या, स्वस्त पडतं’ हा सल्ला सरसकट खरा नाही. एकटी राहणारी म्हातारी किंवा दोघंच नवरा-बायको असतील तर त्यांनी तारेच्या मागे लागू नये. ज्या घरात शिकणारी दोन मुलं, आई-वडील आणि कामाला जाणारा भाऊ आहे तिथे मात्र चित्र बदलतं. साध्या दर्जाचा व्हिडिओ तासाला पाऊण जीबीच्या आसपास डेटा खातो. दोन मुलांनी तासभर धडे पाहिले की दीड जीबी संपला, मग रात्री बारापर्यंत वाट बघा. ३० एमबीपीएसच्या तारेवर महिन्याला ३,३०० जीबीपर्यंत पूर्ण वेग मिळतो, म्हणजे दिवसाला ११०. घरगुती वापरात ही मर्यादा गाठली जाणं कठीण.

तार घ्यायचं ठरलं तर विचारायचे प्रश्न थोडेच आहेत, पण ते आधी विचारावेत. करासकट महिन्याचं बिल किती? राउटरची अनामत परत मिळते का, की राउटर विकतच घ्यावा लागतो? जोडणीचा वेगळा चार्ज आहे का? मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो? आणि खरोखर लागणार नसेल तर सिनेमा-मालिकांच्या ॲपसकटचा महाग प्लॅन घेऊ नका. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले की बऱ्याचदा सवलत मिळते किंवा जोडणीचा चार्ज माफ होतो. हातावर पोट असलेल्या घराला ती एकरकमी रक्कम जड जाते, तेव्हा बचत गटातून लहान कर्ज काढून ती भरणं शहाणपणाचं. महिन्याच्या हप्त्यात हे कर्ज सहज फिटतं. लाईट गेली की राउटर बंद पडतो हेही लक्षात ठेवा. शेतीच्या फिडरवर घर असेल तर बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लागतो, त्याचाही खर्च आधी धरावा. बिघाडाची तक्रार कंपनीच्या ग्राहक सेवेकडे नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तो हातात असला तरच पुढे अपील करता येतं.

आता घराच्या आतलं पाहू. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ३८ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. पुरुषांत हे प्रमाण ६१.५ टक्के होतं. त्यानंतर दोन्ही आकडे नक्कीच वाढले असणार, पण अंतराचं कारण घरात शिरलं की दिसतं. डेटाचा पॅक ज्या फोनमध्ये असतो तो फोन सकाळी घरधन्याबरोबर शेतावर, कारखान्यावर किंवा एमआयडीसीत जातो. आईला लाडकी बहीण योजनेची केवायसी करायची असते, मुलीला स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा असतो, आणि दोघी संध्याकाळची वाट बघतात. तारेचं नेट घरातून उठून जात नाही. माझ्या मते मोबाइल आणि तार यांतला हा फरक पैशांच्या फरकापेक्षाही मोठा आहे.

आणि ज्यांना घरच नाही? गळीत हंगाम सुरू झाला की बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या वारणेच्या खोऱ्यात उतरतात. दिवाळीच्या आसपास येतात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत राहतात. पत्त्याचा पुरावा गावाकडचा, कोपीला भिंत नाही, वीज असली तर एखाद्या बल्बापुरती. तार देणारी कोणतीच योजना त्यांना लागू पडत नाही. टोळीतल्या मुलांचं अर्धं शैक्षणिक वर्ष इथे जातं. मोबाइल असतो, पण महिन्याच्या मध्येच पॅक संपला तर मुकादमाच्या उचलीतून रिचार्ज मारण्याइतका पैसा मोकळा नसतो. साखरेचा प्रत्येक दाणा ज्यांच्या कोयत्याखालून येतो त्यांची मुलं नेटच्या बाबतीत सर्वांत मागे राहावीत, हे सहकाराचं नाव लावणाऱ्या कुठल्याही भागाला शोभणारं नाही.

हे स्वस्त कसं करायचं ते समजायला ऑप्टिकल फायबरचं काम कसं चालतं ते पाहावं लागेल. कोल्हापूर भागातल्या माणसाला ते चटकन कळेल, कारण इथे पाणीपुरवठा संस्था जागोजागी आहेत. नदीवर जॅकवेल, तिथून मोठी पाइपलाइन, पुढे चेंबर आणि चेंबरमधून प्रत्येकाच्या शेताला फाटा. एकट्या शेतकऱ्याला नदीपासून पाइप परवडला नसता, शंभर जणांनी मिळून टाकला म्हणून परवडला. फायबरचंही तसंच आहे. एक्स्चेंजमधून केसासारखी एक काचेची तार निघते. खांबावरच्या लहान पेटीत स्प्लिटर बसवलेला असतो, तो तारेतल्या प्रकाशाचे ३२ किंवा ६४ वाटे करतो. प्रत्येक वाटा एका घरात जातो. खर्च मुख्यतः तार नेण्याचा आणि खांबांचा असतो, आतून वाहणाऱ्या डेटाचा नसतो. एका पेटीवर चार घरं असोत की चाळीस, तिथवर तार न्यायला पैसे सारखेच लागतात. म्हणून कोडोलीसारख्या मोठ्या गावात कंपन्या आपणहून येतात आणि शाहूवाडीच्या डोंगरातल्या दहा उंबऱ्यांच्या वाडीकडे कोणी फिरकत नाही.

सरकारचं उत्तर आहे भारतनेट. २०११ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय फायबर जाळ्याचं हे पुढचं रूप, प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत तार नेणारं. दोन लाखांहून जास्त ग्रामपंचायतींपर्यंत ती पोहोचली आहे. पण ग्रामपंचायतीच्या खोलीत पेटी बसली म्हणजे वस्तीतल्या घरात नेट आलं असं होत नाही. कुठे पेटीचे दिवे विझलेले असतात, कुठे रस्त्याच्या कामात केबल तुटलेली असते आणि जोडायला कोणी येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १.३९ लाख कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात तार एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने चालू राहावी अशी गोलाकार रचना आहे, आणि पाच वर्षांत ग्रामीण भागात दीड कोटी घरजोडण्या द्यायचं लक्ष्य आहे. त्या जोडण्या गावातल्याच उद्योजकाने द्यायच्या आणि उत्पन्नात त्याचा वाटा असेल. हा उद्योजक एखादी व्यक्तीच का असावी? गावातली दूध संस्था किंवा विकास सेवा सोसायटी हे काम का करू नये?

दुसरी वाट पीएम-वाणी योजनेची. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने ती मंजूर केली. किराणा दुकान, चहाची टपरी, दूध संकलन केंद्र, कोणीही सार्वजनिक वायफाय चालवू शकतं आणि लहान रकमेची कूपनं विकू शकतं. त्याला परवाना लागत नाही, फी नाही. घरचं वायफाय शेजाऱ्याला पैसे घेऊन दिलं तर ते नियमात बसत नाही, आणि त्या जोडणीवरून काही गैरप्रकार झाला तर जबाबदारी मालकावर येते. पीएम-वाणीत प्रत्येक वापरणाऱ्याची नोंद होते, त्यामुळे हा धोका टळतो. योजना तरीही मागे पडली. दुकानदाराला लागणारी जोडणी कंपन्या महागड्या व्यावसायिक दराने देत होत्या, हे एक मोठं कारण. जून २०२५ मध्ये ट्रायने त्यावर मर्यादा घातली: अशा केंद्राला २०० एमबीपीएसपर्यंतचा घरगुती प्लॅन जास्तीत जास्त दुप्पट दराने द्यायचा. म्हणजे महिन्याला हजार रुपयांच्या आसपास एक केंद्र चालू शकतं. ऊसतोड टोळ्यांच्या अड्ड्यावर कारखान्याने असं एक केंद्र हंगामापुरतं उभं केलं, तर महिन्याचा खर्च कारखान्याच्या हिशेबात शोधूनही सापडणार नाही. टोळ्यांच्या मुलांसाठीच्या साखरशाळेत मात्र तो दिसेल.

बाहेरच्या जगातले दोन अनुभव इथे उपयोगी आहेत. अमेरिकेने डिसेंबर २०२१ मध्ये गरीब कुटुंबांच्या नेटच्या बिलात महिन्याला ३० डॉलरची सवलत सुरू केली. २ कोटी ३० लाखांच्या घरात कुटुंबांनी ती घेतली. मंजूर निधी संपला आणि २०२४च्या मध्यावर योजना बंद झाली. बिल पुन्हा पूर्ण रकमेचं येऊ लागलं. इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशायरच्या ग्रामीण भागात नेमकं उलटं घडलं. कंपन्या येत नाहीत म्हटल्यावर २०११ साली गावकऱ्यांनी ‘बी फॉर आर एन’ नावाची लोकहिताची संस्था काढली. लोकांनी शेअर घेतले, शेतकऱ्यांनी आपल्या रानातून विनामोबदला तार जाऊ दिली आणि स्वतः चर खणले. आज त्यांना मोठ्या शहरांच्या तोडीचं नेट मिळतं. सवलत निधीबरोबर संपली, जमिनीत गाडलेली तार टिकली. सवलतींच्या विरोधात मी नाही. केरळने के-फॉन या सरकारी फायबर जाळ्यातून दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना मोफत जोडणी द्यायचं धोरण घेतलं, ते योग्यच आहे. पण तिथेही आधी सरकारने स्वतःचं फायबर टाकलं, मग सवलत दिली. क्रम महत्त्वाचा.

शेअर घेणं, रानातून पाइप जाऊ देणं, मिळून चर खणणं, यातलं वारणेच्या खोऱ्याला नवीन काय आहे? इथल्या माणसांनी ऊस, दूध, पाणी आणि किराणा या चारही बाबतींत हेच केलं आहे. सुरुवात मोठी असायची गरज नाही. एका वस्तीतल्या वीस घरांनी मिळून केबलवाल्याकडे किंवा बीएसएनएलच्या स्थानिक भागीदाराकडे एकगठ्ठा मागणी केली, तर जोडणीचा चार्ज आणि आगाऊ रक्कम यांवर बोलणी करता येतात. एकट्याचं तिथे कोणी ऐकत नाही. ग्रामपंचायतीत भारतनेटची पेटी चालू आहे का, ती बंद असेल तर कधीपासून, हे ग्रामसभेत विचारता येतं आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेता येतं. दूध संस्थेच्या संकलन केंद्रावर नेट बऱ्याच ठिकाणी आधीपासून आहे. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला येणाऱ्या बायकांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी तिथेच पीएम-वाणीचं केंद्र काढणं हे खर्चाचं कमी आणि इच्छेचं जास्त काम आहे. तांत्रिक मदतीला अभियांत्रिकी महाविद्यालय जवळच आहे. तारांचं स्प्लायसिंग म्हणजे सांधणी कशी करायची, पेटी कुठे बसवायची, हे तिथल्या मुलांना वर्गाबाहेर शिकायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर होतात. तुम्ही वारणेच्या खोऱ्यातल्या, किंवा महाराष्ट्रातल्या कुठल्याही दूध संस्थेचे, सोसायटीचे, कारखान्याचे सभासद असाल, तर सभेच्या नोटिशीत दिलेल्या मुदतीत सचिवांकडे एक लेखी प्रश्न द्या: आपली संस्था सभासदांच्या घरांसाठी आणि हंगामी मजुरांच्या अड्ड्यांसाठी स्वस्त नेटची जोडणी मिळून घेणार का, आणि कधी? अर्जाची पोच घ्या. सभेत तो प्रश्न वाचला जाईपर्यंत जागा सोडू नका.